जपानी चित्रांतील वाघ मांजरासारखे का दिसतात?

खानापूर_चित्रवर्ग

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या मुलांना चित्रकला शिकवते. या वर्षी प्राणिचित्रण शिकवताना नेहमीच्या नमुन्यांऐवजी जुन्या जपानी चित्रांच्या रंगीत प्रती वर्गात लावाव्यात असे ठरवले, कारण मोजक्या रेषांत जिवंत प्राणी उभा करण्याची त्या चित्रकारांची हातोटी मुलांनी लहान वयातच पाहावी, असे मला फार दिवसांपासून वाटत होते. कोंबडे, माकडे, कुत्र्याची पिल्ले पाहून मुले अगदी गुंगून गेली. वाघाचे चित्र लावले मात्र, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, हे मांजर हाय."

मी त्या मुलाला गप्प केले नाही, कारण त्याचे म्हणणे खरे होते. अठराव्या शतकातील एका नावाजलेल्या चित्रकाराचा तो वाघ आहे. अंगावरचा केस न् केस निगुतीने काढलेला आहे, पट्टे जिथल्या तिथे आहेत, पण खांदे गोलसर आहेत, पंजे गुबगुबीत आहेत आणि डोळ्यातील बाहुली उभ्या फटीसारखी आहे. एवढा सिद्धहस्त चित्रकार इथेच का चुकावा?

हा मुलगा भीमगड अभयारण्याच्या कडेला असलेल्या गावातून येतो. त्याने मागच्या महिन्यात काढलेला गवा माझ्या टेबलाच्या खणात आहे. गुडघ्याखाली मोजे घातल्यासारखे पांढरे पाय, कपाळावरचा राखी रंग, मानेमागून पाठीवर गेलेला उंचवटा, हे सारे त्याने कोणी न शिकवता काढले आहे. भात पोसवण्याच्या दिवसांत वडिलांबरोबर रात्री माळ्यावर राखणीला बसून त्याने गवे पाहिले आहेत. त्याच मुलाने काढलेला वाघ मात्र दिनदर्शिकेवरच्या वाघासारखा आहे. जपानी चित्रातला तो वाघ असा का दिसतो, कौशल्य कमी पडले म्हणून, परंपरेने तसा ठरून गेला होता म्हणून, की चित्रकाराने जाणूनबुजून तसा काढला म्हणून, हे कोणी नीट समजावून सांगेल का? वर्गात सांगताना मला चुकीचे काही सांगायचे नाही.

---

शहापूर_कुंचला

ताई, तुमच्या विद्यार्थ्याने अचूक नस पकडली आहे. वाघ हा जपानमध्ये रानात आढळणारा प्राणी नव्हे. कोरिया आणि चीन या देशांतून वाघांची चित्रे तिकडे जात, कातडी जात, क्वचित जिवंत वाघही गेले, परंतु चित्रकाराला वाघ चालताना, उडी मारताना, पाणी पिताना पाहायला मिळण्याची सोय नव्हती. तरीही वाघाला मागणी फार होती, कारण वाघ आणि ड्रॅगन ही चिनी परंपरेतील जोडी मठांतून आणि सरदारांच्या वाड्यांतून हवीच असे. क्योतोच्या निजो किल्ल्यात भेटीला आलेल्या सरदारांना ज्या दालनांत बसवत, त्यांच्या सरकत्या दारांवर कानो घराण्याच्या चित्रकारांनी सोनेरी पार्श्वभूमीवर वाघांचे कळप रंगवले आहेत. त्या कळपांत मधूनच ठिपक्यांचे बिबटे दिसतात. बिबट्या म्हणजे वाघाची मादी, असा त्या काळी तिकडे समज होता. आपल्याकडे बिबट्या उसाच्या फडातून रस्त्यावर आल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामुळे हा समज वाचून मी थोडा वेळ थबकलोच होतो.

तुमच्या वर्गातील चित्र बहुधा मारुयामा ओक्यो यांचे किंवा त्यांच्या शिष्यपरंपरेतील असावे. ओक्यो (१७३३–१७९५) यांनी क्योतोमध्ये प्रत्यक्ष पाहून रेखाटन करण्याचा आग्रह धरला आणि त्यावर आपली शाळा उभी केली. वाघाच्या बाबतीत त्यांच्यासमोर होते ते फक्त कातडे. त्यांनी कातड्याचे बारकाईने अभ्यासचित्र केले, त्यामुळे पट्टे आणि केसांची वळणे अस्सल उतरली. कातड्यात हाडे नसतात, स्नायू नसतात आणि डोळे तर नसतातच. ती उणीव त्यांनी घरात वावरणाऱ्या मांजरावरून भरून काढली. मांजराची बाहुली उजेडात उभ्या फटीसारखी होते, वाघाची मात्र गोलच राहते. म्हणजे ज्या डोळ्यावर तुमच्या विद्यार्थ्याने बोट ठेवले, तो डोळा खरोखरच मांजराचा आहे. शिकोकू बेटावरील कोतोहिरा देवस्थानात १७८७ च्या सुमारास ओक्यो यांनी रंगवलेले वाघ आजही आहेत. त्यांतील एक वाघ पाणी पिण्यासाठी खाली वाकला आहे, आणि बशीतले दूध पिणारे मांजर ज्याने पाहिले आहे त्याला ती पाठ ओळखीची वाटल्याशिवाय राहणार नाही.

म्हणून माझ्या मते याला चूक म्हणू नये. जे पाहता आले ते त्यांनी पाहून काढले आणि जे पाहता आले नाही तिथे त्याच कुळातील जवळचा प्राणी समोर ठेवला. ही विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे आणि मुलांना ती तशीच सांगावी.

मात्र ओक्यो यांचे शिष्य नागासावा रोसेत्सु यांची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. दक्षिणेकडील कुशिमोतो या किनाऱ्यावरच्या गावात मुर्यो-जी नावाचे मंदिर आहे. १७०७ च्या त्सुनामीत ते वाहून गेले होते. ते पुन्हा उभे राहिले तेव्हा ओक्यो यांनी तेथील महंतांना पूर्वी दिलेला शब्द पाळण्यासाठी स्वतः न जाता १७८६ मध्ये रोसेत्सु यांना पाठवले. त्यांनी तेथील दारांवर निव्वळ शाईत जो वाघ काढला आहे, तो दारांची चौकट ओलांडून अंगावर येईल असा प्रचंड आहे, आणि तरीही नखशिखान्त मांजर आहे. त्याच दारांच्या मागच्या बाजूला मांजरे आहेत आणि त्यांतले एक पाण्यातल्या माशांवर टपलेले आहे. त्यामुळे पुढचा वाघ म्हणजे माशाच्या नजरेला दिसलेले मांजरच, असे काही अभ्यासक मानतात. मला हे पटते. गुरूने अडचणीवर काढलेला तोडगा शिष्याने चित्राचा विषयच करून टाकला.

---

निपाणी_परसू

वाघाबद्दल वर सविस्तर आले आहे, म्हणून मी कोंबड्यांबद्दल लिहितो. आमच्या परसात लहानपणापासून कोंबड्या आहेत, आणि कोंबडी पाहणे किती अवघड आहे हे तीस-पस्तीस वर्षांनंतर मला इतो जाकुचू यांच्या चित्रांमुळे कळले.

जाकुचू (१७१६–१८००) यांचे घर क्योतोच्या निशिकी बाजारातील भाजीपाल्याच्या मोठ्या आडत्यांचे. वडिलांच्या पश्चात त्यांनी पेढी सांभाळली आणि चाळिशीत ती धाकट्या भावाच्या हाती देऊन ते पूर्ण वेळ चित्रे काढू लागले. त्यांचे स्नेही आणि झेन भिक्षू दाइतेन यांनी त्यांच्याविषयी लिहून ठेवले आहे की, आधी त्यांनी चिनी चित्रांच्या प्रती करून करून हात बसवला, पण प्रतीची प्रत करत राहिलो तर मूळ चित्रकाराच्या पुढे कधीच जाता येणार नाही असे वाटून त्यांनी अंगणात डझनावारी कोंबड्या पाळल्या आणि कित्येक वर्षे त्यांची चाल, रूप, रंग पाहत राहिले. मोर आणि पोपट रोज दिसत नाहीत, कोंबड्या मात्र दारोदार असतात, असाही त्यांचा हिशेब होता.

त्यानंतर सुमारे १७५७ ते १७६६ या काळात त्यांनी रेशमावर तीस चित्रांची मालिका केली आणि ती शोकोकु-जी या मंदिराला अर्पण केली. १८८९ मध्ये ती सम्राटाच्या घराण्याकडे गेली. त्या मालिकेत एका चित्रात तेरा कोंबडे एकमेकांत इतके मिसळले आहेत की कोणती शेपटी कोणाची हे बोटाने शोधावे लागते. त्या चित्राची मोठी प्रत मिळाली तर मुलांना पाय नीट पाहायला सांगा. कोंबडा चालताना पाय उचलतो तेव्हा बोटे मिटतात आणि टेकवताना फाकतात. आम्ही रोज दाणे टाकतो, तरी हे माझ्या लक्षात आले नव्हते. चित्र पाहिल्यावर मी परसात जाऊन उकिडवा बसलो आणि खात्री करून घेतली.

त्यांच्या रंगांविषयीही सांगण्यासारखे आहे. याच मालिकेत पांढऱ्या फिनिक्स पक्ष्याचे एक चित्र आहे. त्याची पिसे आतून सोनेरी झळाळतात, म्हणून तिथे सोने वापरले असावे असे पूर्वी वाटे. तपासणीत आढळले की रेशमाच्या मागच्या बाजूने पिवळ्या मातीचा थर दिला आहे आणि पुढून शिंपल्यांच्या पुडीच्या पांढऱ्या रंगाने जाळीदार पिसे काढली आहेत. मागचा पिवळा रंग विणीतून डोकावतो आणि सोन्याचा भास होतो. मालिकेतील माशांच्या एका चित्रात त्या काळी युरोपातून नव्याने येऊ लागलेला प्रशियन निळा रंगही सापडला आहे. हा माणूस अंगणातल्या कोंबड्यांपुढे वर्षानुवर्षे बसला आणि दूरदेशीचा नवा रंग हाती येताच तोही वापरून मोकळा झाला.

---

चिकोडी_वाचक

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु त्यांतून एक असा समज होईल की प्रत्यक्ष पाहिले म्हणजे चित्र चांगले आणि न पाहता काढले म्हणजे कमी प्रतीचे. मला हे मान्य नाही, आणि वर्गात हाच निष्कर्ष सांगितला गेला तर मुलांचे नुकसान होईल, असे प्रामाणिकपणे वाटते.

जपानी प्राणिचित्रांचा विषय निघाला की पहिले नाव घ्यायला हवे ते 'चोजू-गिगा' या चित्रगुंडाळ्यांचे. क्योतोच्या कोझान-जी मंदिराच्या मालकीच्या या चार गुंडाळ्या बाराव्या-तेराव्या शतकातील आहेत. परंपरेने त्या तोबा सोजो या भिक्षूच्या नावावर सांगितल्या जात असल्या तरी त्यांत एकाहून अधिक हात दिसतात. पहिल्या गुंडाळीत ससे, बेडूक आणि माकडे माणसांसारखी वागतात. नदीत पोहतात, धनुष्यबाणाची स्पर्धा लावतात, आणि एक माकड भिक्षू होऊन केळीच्या पानासमोर बसलेल्या बेडकापुढे मंत्र म्हणते. तिथे बुद्धमूर्तीच्या जागी बेडूकच आहे. शब्द एकही नाही, रंग एकही नाही. कुस्तीच्या प्रसंगात बेडूक सशाचा कान चावतो आणि पुढे त्याला उताणा पाडून तोंड वासून ओरडतो, तेव्हा त्याच्या तोंडातून बाहेर पडणारा आवाज दोन-तीन बारीक रेषांनी दाखवला आहे. सशाला बेडकाशी कुस्ती खेळताना कोणी पाहिले होते? तरीही त्या बेडकाच्या मांडीचा ताण पाहा. बेडूक चित्रकाराने जन्मभर पाहिला होता आणि कुस्तीही पाहिली होती. त्या दोन्हींची सांगड त्याने मनात घातली.

दुसरी गुंडाळी तर तुमच्या प्रश्नाशी थेट निगडित आहे. तिच्यात माणसांची नक्कल नाही, नुसते प्राणी आहेत. सुरुवातीला घोडे, बैल, कुत्रे, कोंबड्या असे घरचे प्राणी येतात आणि पुढे वाघ, सिंह, हत्ती, ड्रॅगन येतात. म्हणजे आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराच्या दृष्टीने हत्ती आणि ड्रॅगन एकाच रांगेतले, दोन्ही पुस्तकांतून आणि धर्मचित्रांतून आलेले.

हत्ती तिकडे गेला तो बौद्ध धर्माबरोबर, म्हणजे आपल्याच भूमीतून. समंतभद्र बोधिसत्त्वाचे वाहन पांढरा हत्ती आहे. सतराव्या शतकात तावाराया सोतात्सु यांनी क्योतोच्या योगेन-इन या मंदिरातील सुगी या जपानी वृक्षाच्या लाकडाच्या दारांवर पांढरे हत्ती काढले आहेत. दाराची फळी पुरी पडू नये असा त्यांचा देह फुगवला आहे आणि एवढा प्रचंड प्राणी नाचत असल्यासारखा हलका वाटतो. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील षड्दंत जातकाचे हत्ती त्यांच्या शेजारी ठेवून पाहिले तर फरक कळतो. अजिंठ्याच्या चित्रकाराला हत्तीच्या कातडीची सुरकुतीही ठाऊक होती. सोतात्सुंना ती ठाऊक नव्हती, आणि तरीही मला त्यांचा हत्ती कमी प्रतीचा वाटत नाही. त्यांनी हत्तीविषयी वाटणारा आदर काढला आहे. पुढे १७२८ मध्ये आजच्या व्हिएतनाममधून नागासाकीला खरा हत्ती उतरला, पुढच्या वर्षी तो चालत क्योतोमार्गे एदोला (आजच्या टोकियोला) गेला, त्याला पाहायला गर्दी लोटली, पण म्हणून सोतात्सुंचे हत्ती कोणी पुसून टाकले नाहीत.

अजून एक उदाहरण देतो. तेराव्या शतकातील चिनी भिक्षू-चित्रकार मुची यांनी काढलेली गिबन या लांब हातांच्या, माकडासारख्या प्राण्यांची जोडी क्योतोच्या दाइतोकु-जी मंदिरात आहे. गिबन जपानमध्ये नाहीत. तरीही हासेगावा तोहाकु (१५३९–१६१०) यांच्यासारख्या थोर चित्रकाराने ते चित्र गुरुस्थानी मानून गिबन काढले. पुढे ओसाकाचे मोरी सोसेन (१७४७–१८२१) यांनी त्यांच्याच डोंगरांतील, आखूड शेपटीच्या आणि दाट लोकरीच्या माकडांवर लक्ष केंद्रित केले. साठीच्या सुमारास त्यांनी आपल्या नावातील एक अक्षरच बदलून त्या जागी 'माकड' या अर्थाचे अक्षर घेतले. आपल्याकडे लाल तोंडाचे ते माकड आणि काळ्या तोंडाचे ते वानर हा फरक लहान मूलही सांगते. जपानी चित्रकलेला गिबनकडून घरच्या माकडापर्यंत यायला काही शतके लागली, आणि त्या मधल्या शतकांतली चित्रे वाया गेली असे कोणी म्हणणार नाही.

---

खानापूर_चित्रवर्ग

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. चिकोडीच्या सरांचा मुद्दा मला विचार करायला लावणारा वाटला, कारण मी खरोखरच उद्याच्या तासाला 'पाहा, मगच काढा' एवढेच सांगणार होते. आता दोन्ही बाजू सांगेन. आणखी एक विचारते. शाळेत साधा ड्रॉइंगचा कागद, बाटलीतली काळी शाई आणि जलरंगांचे गोल कुंचले एवढेच आहे. यात या पद्धतीची थोडीतरी चव मुलांना देता येईल का?

---

शहापूर_कुंचला

चिकोडीकर सर, तुमची दुरुस्ती मान्य आहे. 'जवळचा प्राणी समोर ठेवला' असे मी लिहिले, त्यात कल्पनेला जागा ठेवायला हवी होती.

ताई, नक्की देता येईल. जपानी पद्धतीत काजळीची वडी दगडावर पाण्याबरोबर उगाळून शाई करतात, चंदन उगाळतो तशी. त्यामुळे पाणी किती घालायचे यावर फिकट-गडद छटा हाती राहतात. बाटलीतली शाई तीन वाट्यांत वेगवेगळे पाणी घालून ठेवली तरी काम होईल. तो कागद शाई चटकन पितो, म्हणून बारीक काम करायचे असेल तेव्हा सरस आणि तुरटीचे पातळ पाणी आधी कागदावर फिरवून वाळवतात. तुमच्या ड्रॉइंगच्या कागदावर याची गरज पडणार नाही.

दोन गोष्टी मुलांकडून करून घ्या. पहिली केसांची. कुंचला शाईत बुडवून कापडावर बराचसा टिपून घ्यावा, मग टोक चिमटीत दाबून फाकवावे आणि केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने हलकेच ओढावे. एका फटकाऱ्यात पाच-सहा केस उमटतात. दुसरी सोतात्सुंची. फिकट शाईने कुत्र्याच्या पिल्लाचा आकार भरावा आणि तो ओला असतानाच गडद शाईचा थेंब सोडावा. शाई आपोआप पसरते आणि पिल्लाच्या अंगाचा मऊपणा येतो. आधी पेन्सिलीने बाह्यरेषा काढू देऊ नका आणि खोडरबर दप्तरात ठेवायला सांगा. पहिली आठ-दहा चित्रे बिघडतील, ती बिघडू द्यावीत.

मांजराचा विषय निघालाच आहे तर ताकेउची सेइहो यांचे १९२४ चे मांजराचे चित्र अवश्य दाखवा. सेइहो १९०० मध्ये युरोपला गेले आणि तिथे जिवंत सिंह पाहून आल्यावर त्यांनी काढलेले सिंह जपानमध्ये गाजले. पण त्यांचे सर्वांत लाडके ठरलेले चित्र आहे ते एका भाजीवाल्याकडच्या मांजराचे. नुमाझू गावात ते मांजर त्यांच्या नजरेत भरले, बदल्यात स्वतःचे चित्र देऊन त्यांनी ते मागून घेतले, क्योतोला घरी आणले आणि मोकळे सोडून दिवसेंदिवस पाहिले. मान मागे वळवून पाठ चाटता चाटता ते एकदम आपल्याकडे पाहते, तो क्षण त्यांनी धरला आहे. पार्श्वभूमीवर काहीही नाही.

---

खानापूर_चित्रवर्ग

कालचा तास झाला, म्हणून लिहिते. शाळेच्या शिपाईमामांनी घरची एक कोंबडी टोपलीखाली झाकून आणली होती. वर्गाच्या मधोमध ती सोडली आणि पहिली दहा मिनिटे कोणीही कुंचला उचलायचा नाही, असे ठरवले. पायाची बोटे उचलताना मिटतात, हे एका मुलीने सर्वांच्या आधी ओळखले आणि फळ्यावर काढून दाखवले. कुंचल्याचे टोक फाकवण्याची युक्ती मुलांना फार आवडली. टिपायला आणलेली कापडे अपुरी पडली, तेव्हा काहींनी आपले रुमाल काढले.

'हे मांजर हाय' म्हणणाऱ्या मुलाला मी ओक्यो यांच्या कातड्याची सगळी हकीगत सांगितली. तो बराच वेळ चित्राकडे पाहत राहिला. मग त्याने कोंबडी बाजूला ठेवून वाघच काढायला घेतला आणि बाहुली गोल केली. चित्र हातात देताना त्याने विचारले, "बाई, रात्री बी गोलच असते काय?" मला खात्रीने सांगता आले नाही. आपल्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर कृपया कळवावे, तो सोमवारी पुन्हा विचारणार आहे.

---

निपाणी_परसू

बाई, गोलच असते. अंधारात ती मोठी होते आणि उजेडात लहान होते, पण वाघाची बाहुली फटीसारखी होत नाही. गाई-बैलांची बाहुली मात्र आडवी, लांबट असते, आणि गवाही त्याच कुळातला. खणात ठेवलेल्या त्या चित्रात त्याने गव्याचा डोळा कसा काढला आहे, तेवढे पाहून सांगा.